मोती, मोहरा आणि खुर्दा: बखर कुठली, हकीकत कुठली?

दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नाही. पानिपतचा हा सावकारी भाषेतला निरोप आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे: बारगीर, बाजारबुणगे, यात्रेला म्हणून फौजेबरोबर निघालेल्या म्हाताऱ्या, पोरंबाळं.

निरोपाचा मजकूर ठिकठिकाणी थोडा वेगळा सापडतो, आणि पुष्कळजण तो 'बखरीतला' म्हणून सांगतात. जुन्या मराठी गद्यातलं, लढाईबद्दलचं, थोडं फारसी वळणाचं काहीही दिसलं की आपण त्याला बखर म्हणून मोकळे होतो. विष्णुभट गोडशांनी सत्तावनच्या बंडातले आपले अनुभव सांगितलेल्या 'माझा प्रवास'लाही मी 'सत्तावनची बखर' म्हटलेलं ऐकलं आहे. ती बखर नाही, ती हकीकत आहे, म्हणजे स्वतः पाहिलेलं-भोगलेलं सांगणारं लिखाण. फरक नुसता नावाचा असता तर सोडून दिला असता. पण युद्ध कुणाचं होतं, या प्रश्नाला हे दोन प्रकार वेगवेगळी उत्तरं देतात.

आधी बखर. हा शब्द 'खबर'चा उलटापालट झालेला, असं सहसा सांगितलं जातं. बखर बहुधा कुणीतरी लिहायला सांगितलेली असते. सभासदाने शिवछत्रपतींचं चरित्र लिहिलं ते जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. मोठ्या घराला आपल्या घराची गोष्ट हवी असते आणि लेखणी त्या घराकडे तोंड करून बसते. 'भाऊसाहेबांची बखर' हा या प्रकाराचा मराठीतला सगळ्यात देखणा नमुना. ती कुणी लिहिली याचा वाद अजून मिटलेला नाही, पण ज्याने लिहिली त्याच्या कानात महाभारत घुमत होतं. सरदार एकमेकांना टोमणे मारतात, रुसतात, पैजा लावतात, आणि वाचणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो, जसा कुरुक्षेत्राचा असतो. बुराडी घाटावर जखमी होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचं 'बचेंगे तो और भी लढेंगे' आपल्या तोंडी बसलं ते बखरीच्या याच ताकदीमुळे. मरणाऱ्या माणसाचे शब्द टिपून घ्यायला तिथे कोण बसलं होतं, हा प्रश्न बखर वाचताना सुचत नाही. सुचला तरी तो बखरीला लावायचा नसतो.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडतो, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतो आणि गर्दीत शिरतो. दृश्य इतकं घट्ट आहे की पुढच्या प्रत्येक कादंबरीला ते घ्यावंच लागलं. मात्र गर्दी म्हणजे कोण, हे त्यात विचारायचं नाही. खुर्दा आहे, पण तो भाऊ ज्यात दिसेनासा होतो ती धूळ म्हणून आहे.

आता हकीकत. विष्णुभट म्हणजे पेणजवळच्या वरसईचा तिशीतला भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून दानदक्षिणा मिळेल या आशेने तो काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. साल १८५७. वाटेत बंडाची वार्ता लागली तरी मागे फिरला नाही. फिरत फिरत झाशीला पोहोचला आणि मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने शहराला वेढा घातला तेव्हा आतच अडकला. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली. पुढचे दिवस भटजींनी लपून काढले.

'बिजन' हा शब्द मला त्यांच्या पुस्तकात भेटला. बिजन म्हणजे सरसकट कत्तल. ती कत्तल आणि तिच्याबरोबरची लूट भटजी ज्या तपशिलाने सांगतात तो घरगुती आहे, आणि म्हणूनच अंगावर येतो. आधी सोनं-नाणं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता आणि धान्य. लुटीची ही उतरंड ज्याच्या घरात घागर आहे त्यालाच दिसते. बखरकार शहर 'लुटून फस्त केलं' म्हणून पुढच्या चालीकडे वळला असता. भटजी कोपऱ्यात बसून मोजतात, कारण त्या खुर्द्यातलेच ते एक आहेत. त्यांनी मिळवलेली दक्षिणाही वाटेत लुटली जाते, आणि त्याचं दुःख ते लपवत नाहीत. पैशाचा हिशेब तर पुस्तकभर इतका चोख आहे की कधीकधी हसू येतं.

राणी लक्ष्मीबाईंची त्यांच्याकडची आठवण अशीच. तख्तावरची नाही, काल्पीच्या बाजूला एका विहिरीवरची. पराभवानंतर राणी धुळीने माखलेली, तहानलेली येते. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, माझं मी काढते. मग मातीच्या भांड्याने शेंदून ओंजळीने पिते. आपण अर्धा शेर तांदळाची धनीण, हा उद्योग करायची आपल्याला गरज नव्हती, असंही बोलून जाते. बखरीत हेच मोती म्हणून आलं असतं. इथे ती दोन घोट पाण्यासाठी थांबलेली एक थकलेली बाई आहे, आणि तरी राणीच आहे.

म्हणून हकीकत खरी आणि बखर खोटी, अशी वाटणी मात्र करू नये. भटजींनी हे लिहिलं १८८३ च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांनी, आणि तेही चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी भाषेवर हात फिरवून ते १९०७ मध्ये छापलं. मूळ मजकूर वाचकांना मिळाला तो पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांमुळे. बंडाची कारणं, दूरच्या शहरांतल्या मसलती हे सगळं भटजींनी ऐकीव सांगितलं आहे, आणि अशा जागी ते हुबेहूब बखरकारासारखे लिहितात: भाषणं ठासून, प्रसंग रंगवून. ते स्वतः कुठे उभे आहेत हे वाक्यात सापडलं की हकीकत सुरू झाली, सापडेनासं झालं की बखर, अशी माझी खूण आहे.

पानिपतला अशी हकीकत लाभलीच नाही असंही नाही. नाना फडणीस तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. आई आणि बायको बरोबर होत्या. नाना जीव घेऊन पळाले, बायको पुढे भेटली, आई कायमची गेली. हे त्यांनी स्वतःच्या छोट्या आत्मवृत्तात लिहून ठेवलं आहे. पण ते पाठ कोण करतं? आपल्याला आठवतात ते मुत्सद्दी नाना, आईला मागे टाकून पळावं लागलेला पोरगा नाही.

बखर संपल्यावरही मोती पुणेकरांच्या मनातून गेला नाही. भाऊंचा देह ओळखला गेला की नाही, यावर शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, भाऊ म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला आणि त्याच्यामागे फौज जमली. लोकांना मोती परत हवा होता.

झाशीहून सुटलेले भटजी मात्र घरी परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन, शेकडो कोस पायी. मिळवलेला पैसा बहुतेक वाटेतच गेला होता. कावडीतल्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं.