पार्श्वभूमी: ‘विंडो ऑब्जेक्ट’ म्हणजे नेमकी कुठली विंडो?

विंडोजच्या एपीआयमध्ये (प्रोग्राम ज्या फंक्शनांतून विंडोजकडून काम करून घेतात त्या संचात) सुरक्षा लावता येणाऱ्या ऑब्जेक्टच्या प्रकारांची यादी आहे. फाइल, सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम), प्रिंटर, रजिस्ट्री की, नेटवर्क शेअर हे त्यातले प्रकार नावाप्रमाणे वागतात. एसई_विंडो_ऑब्जेक्ट (SE_WINDOW_OBJECT) हा प्रकार तसा वागत नाही. बाणेरच्या आमच्या ऑफिसात नवी मुलं हटकून इथेच अडतात. नोटपॅडच्या विंडोचं हँडल (ती ओळखायचा क्रमांक) घेतात, हा प्रकार सांगून सिक्युरिटी डिस्क्रिप्टर (कोणाला काय करू द्यायचं याची नोंद) मागतात आणि कॉल फसला की म्हणतात, ‘‘सर, हँडल तर बरोबर आहे!’’ हँडल बरोबरच असतं. पण या प्रकारात डेस्कटॉप (विंडो जिथे उघडतात तो पृष्ठभाग) आणि विंडो स्टेशन (डेस्कटॉप ज्यात असतात तो कप्पा) येतात. स्क्रीनवर दिसणाऱ्या एकेका विंडोला स्वतःचा डिस्क्रिप्टरच नसतो.

1993 मध्ये विंडोज एनटी 3.1 आली तेव्हा फाइल, प्रोसेस, थ्रेड, म्यूटेक्स यांना डिस्क्रिप्टर मिळाले. विंडोला मिळाला नाही. विंडोंनी एकमेकींना बिनधास्त मेसेज पाठवायची पद्धत 16 बिट विंडोजच्या काळातली, आणि जुने प्रोग्राम तिच्यावरच उभे होते. प्रत्येक मेसेजला परवानगी तपासायची, तर ते सगळे मोडले असते. ही अडचण खरी होती. पण मग प्रकाराला ‘विंडो’ हे नाव द्यायला नको होतं, असं माझं ठाम मत आहे. ‘डेस्कटॉप’ म्हटलं असतं तर वाचणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं की कुंपण डेस्कटॉपभोवती आहे, आत सगळं मोकळं.

हे मोकळं रान 2002 मध्ये उघड्यावर आलं. साध्या यूजरच्या प्रोग्रामने त्याच डेस्कटॉपवरच्या, सिस्टिम या जवळजवळ सर्वाधिकारी खात्याने चालणाऱ्या अँटिव्हायरसच्या विंडोला टायमरचा मेसेज पाठवला. त्या मेसेजसोबत फंक्शनचा पत्ता देता येतो. तिथला कोड सिस्टिमच्या अधिकाराने चालला. टायमरची फट वर्षाअखेर पॅचने बुजवली. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की सुरक्षेची हद्द डेस्कटॉप हीच आहे, आणि अधिकारवाल्या सर्व्हिसने तिथे विंडो उघडूच नये. हे तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. पण ‘डेस्कटॉपशी संवाद साधू द्या’ हा चेकबॉक्स सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये त्यांनीच ठेवला होता.

पुढे विंडोज व्हिस्टाने उपाय केला, तोही विंडोला डिस्क्रिप्टर न देता. प्रोसेसला इंटिग्रिटीची, म्हणजे विश्वासाची, पातळी आली, खालच्या पातळीवरून वर जाणारे बहुतेक मेसेज अडवले जाऊ लागले, आणि सर्व्हिस वेगळ्या सेशनमध्ये, म्हणजे यूजरच्या डेस्कटॉपपासून तोडलेल्या जागेत, गेल्या.

पुण्यात बॅकअप आणि अँटिव्हायरसचं काम बरंच चालतं, त्यामुळे याची झळ इथे थेट बसली. मी तेव्हा ज्या टीममध्ये होतो, तिथे सर्व्हिसमधली विंडो काढून वेगळा प्रोग्राम केला आणि दोघांमध्ये नेम्ड पाइप (प्रोग्रामना आपसात डेटा पाठवायची नळी) टाकला. पाइप तयार करताना सिक्युरिटीच्या जागी सवयीने नल (‘काहीच नाही’) दिला. ती सवय विंडोज 95-98 ची, कारण तिथे त्या पॅरामीटरकडे कोणी बघतच नसे. एनटीच्या घराण्यात मात्र नल म्हणजे डीफॉल्ट डिस्क्रिप्टर, आणि पाइपचा डीफॉल्ट साध्या यूजरला फक्त वाचू देतो. लिहायला गेल्यावर एरर 5, म्हणजे ‘परवानगी नाही’. मग कोणीतरी घाईत नल डॅकल (डिस्क्रिप्टरमधली परवानग्यांची यादीच रिकामी सोडणं) लावला. तो म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, आणि प्रॉडक्ट तसंच बाहेर गेलं. विंडोला कुलूप नव्हतंच. पाइपला होतं, ते आम्ही आमच्या हातांनी काढलं.