जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांतील गिअरबॉक्स स्लिप होणे

ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन रेस होते, आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने उचलत नाही. या बिघाडाला गॅरेजमध्ये ‘गिअरबॉक्स स्लिप मारतो’ असे म्हणतात. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न पोचता वाटेतच घर्षणात जिरते आणि तिची उष्णता होते. आतली घसरणारी क्लच प्लेट तापते आणि तापलेली प्लेट आणखी घसरते, त्यामुळे दुखणे आपोआप वाढत जाते. ‘डी’ (ड्राइव्ह) टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी झटका बसून गाडी निघणे, दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना मध्येच इंजिन मोकळे सुटल्यासारखे वाटणे, चढावर गाडीने मान टाकणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे. ती दिसली की गाडी चालवणे थांबवावे. ‘अजून चालतेय ना’ म्हणून रेटलेल्या गाडीत किरकोळ खर्चाचे काम पूर्ण गिअरबॉक्स उघडण्यावर जाते.

क्लचचे पेडल नाही म्हणजे आत क्लच नाही, हा समज चुकीचा आहे. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ आणला, तेव्हापासून या गिअरबॉक्सांत क्लच आहेतच. ते दाबायला पाय नसून तेलाचा दाब आहे, एवढाच फरक. पोलादी प्लेटा आणि कागदासारख्या लायनरच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. पंपाने दिलेल्या दाबाने पिस्टन त्यांना आवळतो आणि गिअर पडतो. काही ठिकाणी ड्रमभोवती पट्टा आवळला जातो, त्याला बँड म्हणतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलातून ताकद पुढे देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मात्र थोडी घसरण मुळातच असते. तिला बिघाड समजू नये.

भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून पसरलेल्या एएमटी गाड्यांनाही लोक ऑटोमॅटिकच म्हणतात. त्यांत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कोरडी क्लच प्लेट असते. ती स्लिप झाली तर प्लेट बदलावी लागते. पुढची तपासणी या गाड्यांना लागू नाही.

तपासणीची सुरुवात तेलापासून होते. बहुतेक जुन्या गाड्यांत तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून आणि गाडी सपाट जागी उभी करून पातळी मोजायची काडी (डिपस्टिक) पाहायची असते. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात पाहायची असते, म्हणून मॅन्युअल आधी वाचावे. पातळी कमी असेल तर वळणावर किंवा चढावर तेल एका बाजूला सरते, पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. निव्वळ तेल भरून दुरुस्त झालेल्या गाड्या पुष्कळ असतात. मात्र तेल गेले कुठे हे शोधावेच लागते. थेंबभर तेल पांढऱ्या कागदावर टाकावे. चांगले तेल लालसर पसरते. जळलेले तपकिरी-काळे दिसते, करपल्याचा वास मारते आणि डागाच्या मध्यभागी बारीक काळी पूड राहते. ती पूड म्हणजे झिजलेले लायनर. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरले आहे.

तेलाचा प्रकार चुकला तरी गाडी स्लिप होते. घर्षण किती हवे ते तेलातल्या रसायनांनी ठरवलेले असते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी तेलांत त्यासाठी स्पर्म व्हेलचे तेल मिसळत. फोर्डच्या ‘टाइप एफ’ तेलाच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये जनरल मोटर्सच्या प्रकारचे डेक्सरॉन तेल भरले, तर क्लच पकडायला जास्त वेळ घेतात.

तेल ठीक असेल तर कोणता गिअर घसरतो ते पाहावे. निदानाचा गाभा हाच आहे आणि घाईत नेमका हाच टप्पा गाळला जातो. टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा शेवरलेसारख्या गाड्यांतला तीन गिअरचा गिअरबॉक्स घ्या. त्यात तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरत असतील, तर दोन्हींत समान असलेला डायरेक्ट क्लच संशयित. रिव्हर्स ठीक, पण पुढचे सगळे गिअर घसरतात, तर फॉरवर्ड क्लच. ‘डी’ मध्ये पहिला गिअर पकडत नाही, पण हाताने लो टाकल्यावर पकडतो, तर एकाच दिशेने अडणारा रोलर क्लच गेला. सगळेच गिअर घसरत असतील, तर दोष प्लेटांपेक्षा दाबाकडे असण्याची शक्यता जास्त: तुंबलेला फिल्टर, झिजलेला पंप, अडकलेला व्हॉल्व्ह. प्रेशर गेज लावून त्याची खात्री होते. स्टॉल टेस्टही करतात: ब्रेक पूर्ण दाबून, ‘डी’ मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. फेरे ठरलेल्या आकड्यापलीकडे गेले तर क्लच किंवा बँड घसरतो आहे. ही चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. इंजिनाची सगळी ताकद तेव्हा तेल तापवण्यात जाते.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी बाहेरच्या गोष्टी तपासाव्यात. टर्बो हायड्रामॅटिक ३५० मध्ये इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून तेलाचा दाब ठरवणारा व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो; त्याचा पडदा फाटला तर इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळते. खाली थेंब नाही, पातळी मात्र घटते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. जनरल मोटर्सच्याच ७००आर४ या गिअरबॉक्समध्ये थ्रॉटलला जोडलेली टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल सैल राहिली की दाब कमी पडतो आणि प्लेटा जळतात. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समधला किकडाउन बँड बाहेरून आवळता येतो.

चेंबर (गिअरबॉक्सखालचे तेलाचे भांडे) उतरवल्यावर त्यातल्या चुंबकावर राखाडी चिखल दिसणे नेहमीचे. चकाकणारे धातूचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो. लायनर जळून गेले असेल तर नवे तेल त्याला परत आणत नाही आणि बाटलीतली औषधेही नाहीत. जुन्या गाडीत तेल बदलले म्हणून गिअरबॉक्स गेला, असे अनेक मालक सांगतात; बहुतेक वेळा प्लेटा आधीच संपलेल्या असतात आणि लक्षणे दिसू लागली म्हणूनच तेल बदललेले असते. उघडल्यावर प्लेटा आणि सगळी रबरी सीले बदलावीत. पुष्कळदा कडक झालेल्या सीलातून दाब गळूनच प्लेटा जळलेल्या असतात. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांत जुना चुरा साठलेला असतो. नळ्या धुवून काढाव्यात आणि कन्व्हर्टर बदलावा, नाहीतर तोच चुरा नव्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतो.