उंची आधी थांबते, पोट नंतर दुखते: मुलांमधल्या क्रोन्स आजाराच्या आहारोपचाराची पार्श्वभूमी

क्रोन्स हा आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार. मुलांमध्ये तो कित्येकदा आधी उंचीत दिसतो. गणवेश दोन वर्षे तोकडा होत नाही, धाकटा भाऊ खांद्याला लागतो आणि घरचे म्हणतात, ‘आमच्याकडे सगळे उशिराच वाढतात.’ पोटदुखी, जुलाब, बारीक ताप हे मागाहून येते. 1988 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या उंचीच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा बऱ्याच जणांची वाढ पोटाची तक्रार सुरू होण्याआधीच मंदावलेली आढळली.

हे कळायला इतका उशीर का झाला? न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी 1932 मध्ये या आजाराचे वर्णन केले, ते मुख्यतः तरुण प्रौढांचा आजार म्हणून. उपचार म्हणजे आतड्याचा रोगट भाग कापणे. 1950च्या दशकात स्टिरॉइड आले. दाह उतरला, भूक परतली, गाल भरले. पण उंची जागची हलेना. वजन वाढलेले पाहून सगळ्यांनाच हायसे वाटे. स्टिरॉइड स्वतःच हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्यांना रोखते, याची किंमत वयात येण्याच्या उंबरठ्यावरच्या मुलांनी मोजली.

आहार या कथेत आला तो आडवाटेने. 1968 मध्ये फिलाडेल्फियात डड्रिक आणि सहकाऱ्यांनी फक्त शिरेतून दिलेल्या पोषणावर बाळ वाढू शकते हे दाखवले. त्यातून ‘आतड्याला विश्रांती’ ही कल्पना रुजली. त्याच सुमारास अमिनो आम्ले (प्रथिनांचे सुटे घटक), ग्लुकोज आणि थोडी स्निग्धे यांचे आधीच सुटे केलेले द्रव अन्न शस्त्रक्रियेआधी दिले जाऊ लागले आणि काहींचा दाह त्यानेच उतरला. 1981 मध्ये शिकागोच्या किर्शनर यांनी नुसत्या तोंडाने दिलेल्या वाढीव आहाराने खुंटलेली वाढ पुन्हा सुरू होते हे मांडले. लंडनमध्ये ओ'मोरेन यांच्या गटाने 1984 मध्ये प्रौढांत असे अन्न आणि स्टिरॉइड यांची तुलना केली. 1987 मध्ये सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात सँडरसन, वॉकर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी तीच तुलना मुलांमध्ये केली. दाह दोन्हीकडे सारखा उतरला, पण द्रव अन्नावरची मुले उंचीने जास्त वाढली. पुढच्या सगळ्या उपचाराचा पाया आमच्या मते इथे पडला.

‘विश्रांती’ची कल्पना मात्र टिकली नाही. 1988 मध्ये ग्रीनबर्ग यांनी शिरेतून पोषण, नळीने पोषण आणि जेवणासोबत थोडे शिरेतून पोषण अशी तिहेरी तुलना केली. निकालात म्हणण्याजोगा फरक नव्हता. अमिनो आम्लांचे महाग आणि कडवट अन्नच हवे, ही समजूतही गळून पडली. अखंड प्रथिनांचा, चवीला बरा आणि स्वस्त फॉर्म्युला, म्हणजे पावडर कालवून केलेले संपूर्ण द्रव अन्न, तितकेच काम करतो. प्रौढांत स्टिरॉइड सरस ठरले, मुलांत दोन्ही बरोबरीचे. इटलीतल्या बोरेली यांच्या 2006च्या अभ्यासात दहा आठवड्यांनी आतड्याचे अस्तर भरून आलेली मुले फॉर्म्युलावर 74 टक्के होती, स्टिरॉइडवर 33 टक्के. लक्षणे दोन्हीकडे ओसरली होती. जखम भरली ती मुख्यतः एकाच बाजूला.

मग वाढ खुंटते ती उपासमारीने की दाहाने? दोन्हींनी. दुखते म्हणून मूल कमी खाते हे खरेच. पण दाहातून सुटणारे इंटरल्युकिन-6 हे संदेशवाहक प्रथिन यकृतात तयार होणारे आयजीएफ-1 हे वाढीचे संप्रेरक खाली आणते. लंडनमध्ये 2000 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात, दाह नसलेल्या उंदरांना आजारी उंदरांइतकेच मोजून खायला दिले. तरी आजारी उंदीर त्यांच्याहून कमी वाढले. म्हणून ‘खूप खाऊ घाला’ एवढ्याने भागत नाही. फॉर्म्युलाचे वैशिष्ट्य हेच की तो पोसतो आणि दाहही उतरवतो.

आज युरोपीय मार्गदर्शनानुसार मुलांच्या सक्रिय क्रोन्समध्ये पहिला उपचार हाच: सहा ते आठ आठवडे फक्त फॉर्म्युला आणि पाणी. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या आजारात तो दाह उतरवत नाही, ही गल्लत करू नये. बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 2,000 किलोकॅलरी धरल्या, तर मिलिलिटरला एक किलोकॅलरी या प्रमाणात दोन लिटर, म्हणजे 200 ते 250 मिलिचे आठ ते दहा पेले. दोन-तीन दिवसांत हळूहळू पूर्ण मात्रेवर जायचे. फार खंगलेल्या मुलात घाई केली तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम एकदम घसरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून पहिले काही दिवस रोज रक्त तपासायचे. पेल्याने जमत नसेल तर नाकातून बारीक नळी. नळी जागेवर आहे ना, हे नळीतून ओढलेला द्रव जठरातल्यासारखा आम्ल, म्हणजे पीएच 5.5 किंवा कमी, आहे का यावरून दर वेळी पाहायचे. पावडर दाट कालवली तर जुलाब होतात, पातळ कालवली तर वजन हलत नाही. कालवलेला फॉर्म्युला फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवायचा.

बहुतेक वेळा उपचार फसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. मूल हसू-खेळू लागते, आजीला दया येते, वरणभात नाही तर निदान प्रसादाचा घास जातो. बर्मिंगहॅममध्ये 2006 साली 50 मुलांवर नेमके हेच तपासले: निम्मे फॉर्म्युला आणि बाकी नेहमीचे जेवण घेणाऱ्यांत आजार आटोक्यात आला 15 टक्क्यांत, फक्त फॉर्म्युला घेणाऱ्यांत 42 टक्क्यांत. पुढे इस्रायलमधल्या लेविन यांच्या गटाने ठराविक पदार्थांचा आहार आणि अर्धा फॉर्म्युला असा मध्यम मार्ग 2019 मध्ये यशस्वी करून दाखवला. तिथे पदार्थ ठरलेले असतात. घरचे ‘थोडेसे काहीतरी’ त्यात बसत नाही.

उंची जेमतेम हलते आहे अशा मुलात, विशेषतः क्ष-किरणात दिसणारे हाडांचे वय मागे असेल तेव्हा, इन्फ्लिक्सिमॅबसारखी दाह रोखणारी जैविक औषधे लवकर सुरू करण्याकडे आता कल आहे. वाढीच्या पट्ट्या मिटल्या की कोणताच उपचार उंची परत देत नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे की अनेक मुलांना आधी टीबीच्या गोळ्या दिल्या जातात. काहींना त्यावर तात्पुरते बरेही वाटते आणि निदान महिनोन्‌महिने लांबते. म्हणून टीबीचा उपचार सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारे प्रथिन), शक्य तर पुन्हा दुर्बिणीची तपासणी, आणि उंचीची नोंद हवीच. पुण्याच्या खाडिलकरांच्या पुढाकाराने 2015 मध्ये सुधारलेले पाच ते अठरा वर्षांचे भारतीय वाढीचे तक्ते त्यासाठी हाताशी आहेत. उंची अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, दर तीन महिन्यांनी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी मोजावी, कारण संध्याकाळपर्यंत मूल सेंटिमीटरभर खुजे होते. उंची वाढण्याचा वेग मात्र निदान सहा महिन्यांच्या अंतरावरून काढावा. वयात येण्यापूर्वी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर अपेक्षित. चारच्या खाली गेला तर पोटदुखीची वाट न पाहता बालपचनविकार तज्ज्ञाकडे न्यावे.