शेरी : चव आणि सोबतचे पदार्थ

शेरी ही दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाची प्रबलित वाइन. कादिस प्रांतातील हेरेस दे ला फ्रोंतेरा, सानलूकार दे बारामेदा आणि एल प्वेर्तो दे सांता मारिया या तीन गावांच्या तळघरांत ती प्रामुख्याने मुरते. हेरेसच्या ‘शेरिश’ या अरबी नावावरून इंग्रजांच्या तोंडी ‘शेरी’ रुळले. प्रबलित म्हणजे द्राक्षांपासूनच काढलेला मद्यार्क मिसळून तीव्रता वाढवलेली. शेरीत हा मद्यार्क आंबवण संपल्यावर, साखर उरलेली नसताना घालतात. त्यामुळे तिचे मुख्य प्रकार कोरडे, म्हणजे मुळीच गोड नसलेले असतात. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये तो आंबवण अर्ध्यावर असतानाच पडतो, म्हणून पोर्ट गोड. गोव्यात ‘पोर्ट’ नावाने मिळणारी गोड वाइन डोक्यात ठेवून कुणी फिनो या कोरड्या शेरीचा पेला उचलला, तर पहिल्या घोटाला तो दचकेल.

पालोमिनो हे पांढरे द्राक्ष चवीला तसे बेताचेच. शेरीची चव घडते ती पिंपात. मद्यार्काचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास ठेवले, तर वाइनवर ‘फ्लोर’ नावाची यीस्टची साय धरते. पिंप पूर्ण न भरता वर मोकळी जागा सोडतात ती हिच्यासाठीच. ही साय हवा अडवते, वाइनमधले ग्लिसरीन खाते आणि तिला हलकी, खरखरीत कोरडी करते. कच्ची कणीक, बदाम, हिरवे सफरचंद असा वास येतो तो तिच्यामुळे. ही झाली फिनो. समुद्रालगतच्या सानलूकारमध्ये मुरलेली तिची बहीण मान्सानिया. तिच्या चवीत खारेपणा जाणवतो. प्रमाण १७ टक्क्यांवर नेले की साय जगत नाही, वाइनला हवा लागते आणि वर्षानुवर्षांनी तपकिरी ओलोरोसो तयार होते. तिचा वास अक्रोड आणि सुक्या अंजिराचा, जणू गोडच. जिभेवर मात्र गोडवा नाही. आमोंतियादो आधी सायीखाली आणि मग हवेत मुरते, म्हणून तिच्यात दोन्ही गुण उतरतात. उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची पेद्रो हिमेनेस मात्र काकवीसारखी काळी, दाट आणि लिटरला पुष्कळदा ४०० ग्रॅमच्या घरात साखर असलेली.

मुरवण्याची ‘सोलेरा’ पद्धत आपल्या विरजणाच्या जवळची आहे. सर्वांत जुन्या पिंपांतून थोडी वाइन काढायची, ती जागा त्याहून कोवळ्या वाइनने भरायची, पिंप कधी रिते करायचे नाही. त्यामुळे बाटलीवर सहसा एका हंगामाचे साल नसते.

जेवणाबाबत स्पेनमध्ये एक सोपा ठोकताळा सांगतात : पोहणाऱ्याला फिनो, उडणाऱ्याला आमोंतियादो, धावणाऱ्याला ओलोरोसो. लक्षात ठेवायला तो बरा. सानलूकारची कोळंबी किंवा तळलेली मासळी मान्सानियासोबत, कोंबडी वा बदक आमोंतियादोसोबत, बैलाच्या शेपटीचा रस्सा ओलोरोसोसोबत, हे सगळे त्यात बसते. पण शेरीची खरी कमाल त्यात येतच नाही. शतावरीचे कोंब, आर्टिचोक (भाजी म्हणून खाल्ली जाणारी फुलाची कळी), व्हिनेगरमध्ये मुरवलेले अँचोव्ही (छोटे मासे), गार गास्पाचो (टोमॅटोचे सूप) यांच्यापुढे बहुतेक वाइन हार मानतात; तांबडी कडवट लागते, पांढरी फिकी पडते. फिनो तिथे टिकते, कारण तिच्यात तुरट टॅनिन जवळजवळ नाही, स्वतःचा आंबटपणा कमी आहे आणि चव ठसठशीत आहे. खारवलेले ऑलिव्ह, भाजलेले बदाम, हामोन इबेरिको (डुकराच्या मांडीचे वाळवलेले मांस) हे तर तिचे रोजचे सोबती. अळंब्यांना आमोंतियादो शोभते. पेद्रो हिमेनेस व्हॅनिला आइस्क्रीमवर ओततात किंवा निळ्या बुरशीच्या चीजसोबत घेतात. मिठाने तिचा गोडवा ताळ्यावर येतो.

फिनो ७ ते ९ अंश सेल्सिअसला, ओलोरोसो १२ ते १४ अंशांना द्यावी. उघडलेली फिनो नाशवंत मालच समजावी. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवलेली बरी. ओलोरोसो काही आठवडे तग धरते. उरलेली शेरी आंदालुसियातल्या स्वयंपाकघरात वाया जात नाही : कांदा-लसणावर परतलेल्या गुर्द्यांत ती पडते आणि ‘रिन्योनेस आल हेरेस’ तयार होते.