अधिकाऱ्यांच्या जुन्या तलवारी, ग्रामीण विदर्भातील

मालगुजार, देशमुख व पाटलांच्या वाड्यांत किंवा पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदारांच्या घरी राहिलेल्या लष्करी तलवारी जमवणे, त्यांचा काळ ठरवणे व मूळ मालकाचा माग काढणे, असा हा छंद आणि अभ्यास आहे. नागपूरकर भोसल्यांची फौज, १८२१ साली वसलेली कामठीची छावणी आणि अचलपुरातील हैदराबाद कंटिंजंटची (निजामाच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची) छावणी यांमुळे या मुलखात तलवारींची सरमिसळ झाली. देशी मुठीत विलायती पाते बसवलेली फिरंग आणि इंग्रज अधिकाऱ्याची पितळी परजेची, म्हणजे हात वाचवणाऱ्या पितळी आडोशाची, तलवार एकाच खुंटीवर सापडू शकते. कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा-हत्यार ज्याचे त्याचे. साहजिकच तिथल्या तलवारींत एकसारखेपणा शोधू नये.

बहुतेक घरांत तलवारीबरोबर एक कथाही मिळते, आणि ती गाविलगडाला जाऊन भिडते. हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी घेतला. पण परजेवर व्हिक्टोरिया राणीची मुद्रा असेल, तर ती तलवार १८३७ नंतरचीच. कथा खोटी असेलच असे नाही; ती बहुधा घरातल्या दुसऱ्याच, आता हरवलेल्या तलवारीची असते. हातात मुकुट धरलेला सिंह दिसला, तर तलवार कंपनी सरकारच्या काळातली, म्हणजे साधारण १८५८ पूर्वीची समजतात. किंचित वाकडे पाते जाऊन सरळ, भोसकण्याजोगे पाते पायदळ अधिकाऱ्यांकडे आले ते १८९२च्या नमुन्यापासून. इंग्रज अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घेत, म्हणून पात्यावर दुकानदाराचे नाव व कधी मालकाची आद्याक्षरे असतात. लंडनच्या विल्किन्सन कारखान्याच्या पात्याची पाठ परजेजवळ भिंगाखाली धरावी. तिथला क्रमांक लागला, तर कारखान्याच्या वह्यांतून गिऱ्हाईकाचे नावही निघू शकते.

शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. खाजगी व्यक्तीला अशी वस्तू परदेशी पाठवता येत नाही. नऊ इंचांहून लांब पाते शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते, आणि परवान्याचा नियम भागागणिक वेगळा असतो. विकत घेण्यापूर्वीच पोलीस ठाण्यात विचारून घेतलेले बरे.

संशोधकाची खरी अडचण मात्र खंडेनवमीला होते. पूजेआधी तलवार राखेने किंवा चिंचेने लख्ख घासतात आणि आम्लाने उथळ कोरलेली मुद्रा, नाव, पलटणीचा क्रमांक दरवर्षी थोडा थोडा पुसला जातो. वर शेंदराचा थर बसतो तो वेगळाच. पूजा मोडायला कुणी सांगत नाही. हळदकुंकू मुठीला लावून पाते नुसते मऊ फडक्याने पुसले, तरी अक्षरे टिकतात. पावसाळ्याआधी पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. म्यान चामड्याचे असेल तर तलवार बाहेर ठेवावी, कारण चामडे ओल धरते आणि पाते आतून गंजते.