गाणं लिहून हवंय? भेटायला येण्याआधी हे वाचा

लग्न, बारसं, डोहाळजेवण, एकसष्टी, सेवानिवृत्ती, शाळेचं गीत, मंडळाचं गाणं, दुकानाची जाहिरात. यांतल्या कशासाठीही आम्ही मराठीत गाणी लिहून देतो. फक्त शब्द. चाल लावणं, गाणं आणि रेकॉर्डिंग ही कामं आमची नाहीत. ती करणारी मंडळी नाशकात भरपूर आहेत. हवी असल्यास ओळख करून देऊ, त्यात आमचं कमिशन नसतं.

आधी काय सांगाल

"आमचे बाबा फार प्रेमळ, कष्टाळू आणि मनमिळाऊ आहेत." एवढ्यावरही गाणं होतं, पण ते शेजारच्या बाबांनाही तसंच लागू पडतं. बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये रात्रपाळी करून यायचे, आल्यावर आधी सायकल पुसायचे आणि मगच चहा घ्यायचे, असं काही सांगितलंत की पहिलं कडवं तिथेच मिळतं. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही फारसं लिहून घेत नाही, नुसतं ऐकतो. शक्य असेल तर घरातल्या एखाद्या आत्याला किंवा मावशीला बरोबर आणा. मुलांना माहीत नसलेल्या गोष्टी त्यांनाच माहीत असतात. कुणाला काय हाक मारतात, कोणत्या विषयावर घरात हसू येतं आणि कोणता विषय काढायचा नाही, हेही सांगा. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. समारंभात माइकवरून गायलेली ओळ परत घेता येत नाही.

नाशिकचं गाणं म्हटलं की गोदावरी, द्राक्षं आणि मिसळ हे तिघे बिनबोलावता येतात. आमची हरकत नाही, पण तुमचं बालपण तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, उड्या मारण्यात गेलं असेल तर गाण्यात रंगपंचमी येऊ द्या. गोदावरीवर आजवर भरपूर लिहून झालंय.

चाल आधी की शब्द आधी

दोन्ही चालतं, फक्त सुरुवातीलाच ठरवा. चाल तयार असेल तर संगीतकाराला ती फोनवर नुसती गुणगुणून पाठवायला सांगा. त्यावरून मात्रा आणि ताल कळतो. केरवा तालाच्या आठ मात्रांत बसणारी ओळ दादऱ्याच्या सहा मात्रांत तशीच कोंबता येत नाही. शब्द आधी हवे असतील तर आम्ही सगळी कडवी एकाच मोजमापाची ठेवतो, म्हणजे एकच चाल सगळ्यांना पुरते. गाणारं कोण, हेही कळायला हवं. वरच्या स्वरावर लांबवायची जागा आली की तिथे 'आ' किंवा 'ओ' असलेला शब्द लागतो. जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दावर सूर धरताना सराव नसलेल्या माणसाची पंचाईत होते. कागदावर सुंदर दिसणारी ओळ आम्ही कधी कधी काढून टाकतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

काही जण एआयकडून मजकूर करून आणतात. जरूर आणा, तुम्हाला काय म्हणायचंय ते त्यातून समजतं. मात्र त्याची नुसती डागडुजी सहसा जमत नाही. प्रत्येक ओळ 'आहे'ने संपते आणि मात्रा जुळत नाहीत, म्हणून नव्याने लिहावं लागतं. पैसेही नव्या गाण्याचेच लागतात.

मंगलाष्टकांबद्दल जरा सविस्तर

सर्वांत जास्त मागणी यांना आणि सर्वांत जास्त गैरसमजही यांच्याबद्दल. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. प्रत्येक चरणात (ओळीत) १९ अक्षरं, लघु-गुरूंचा (आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांचा) क्रम पक्का आणि बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. शेवटच्या चरणातली सात अक्षरं 'कुर्यात् सदा मंगलम्' घेऊन टाकतं. तिथे आमच्या हातात बाराच उरतात.

त्यामुळे नाव वाटेल तिथे घालता येत नाही. 'सायली' सोयीचं आहे, चरणात तीन ठिकाणी बसतं, अगदी टोकालाही. 'मधुरा' दोन ठिकाणी. 'अनिकेत' मात्र चौथ्या ते सातव्या अक्षरांतच बसतो, त्याला दुसरी जागाच नाही. 'वैदेही'ची तिन्ही अक्षरं गुरू असल्यामुळे ती चरणाच्या सुरुवातीलाच येऊ शकते. आडनावांची गंमत आणखी वेगळी. 'कुलकर्णी' दहाव्या ते तेराव्या अक्षरावर मोजून बसतं, पण मध्ये यती येते. गुरुजी 'कुलकर्' म्हणून श्वास घेणार आणि मग 'णी' येणार. म्हणून आम्ही आडनाव टाळतो.

आजी-आजोबा, चार काका, दोन मामा आणि सगळ्या आत्या यांची नावं गुंफून द्या, अशी मागणी नेहमी येते. गुंफता येतात. पण पाहुणे हातात अक्षता घेऊन उभे असतात, मुहूर्त जवळ आलेला असतो आणि यादी संपत नाही. वधू-वर आणि दोन्हीकडचे आईवडील एवढ्यावर थांबावं, असं आमचं मत आहे. बाकीच्यांसाठी संगीताच्या कार्यक्रमात वेगळं गाणं करू, तिथे चार काका आरामात मावतात. उखाणे मंगलाष्टकांबरोबर घेतले तर त्यांचे वेगळे पैसे घेत नाही.

बागलाण-मालेगावकडच्या घरांतून अहिराणी गाण्यांची मागणी येते. लिहितो, पण ती तुमच्या घरातल्या जाणत्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय पक्की करत नाही.

दुकानाची जिंगल

तीस सेकंदांत गाऊन समजतील अशा चारच ओळी बसतात. त्यात नाव, पत्ता, फोन, दोन शाखा, दिवाळीची सवलत आणि 'स्थापना' सालासकट, असं सगळं बसवायचा प्रयत्न केला तर लक्षात काहीच राहत नाही. दुकानाचं नाव आणि एक गोष्ट, बस. फोन नंबर गाऊ नका, तो शेवटी बोलून सांगा. रिक्षाच्या भोंग्यावरून वाजवणार असाल तर आधीच कळवा. भोंग्यावर 'स' आणि 'श' नीट ऐकू येत नाहीत, मग आम्ही ती अक्षरं कमी वापरतो.

गाणं कुणाचं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण भांडणं इथेच होतात.

पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचा मालकी हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. गीताचं तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत हे साहित्यकृतीत मोडतं आणि ते मागणीनुसार लिहिलेलं असलं तरी पहिला हक्क लिहिणाऱ्याचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. नुसती पैसे मिळाल्याची पावती त्यासाठी पुरत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जिंगल इंटरनेटवर टाकणाऱ्या व्यावसायिकाने या दोन जागा रिकाम्या सोडू नयेत.

आमची पद्धत अशी. घरगुती गाण्याला आम्ही एक पत्र देतो. त्यानुसार ते तुम्ही कितीही वेळा गा, रेकॉर्ड करा, यूट्यूबवर टाका. तेच शब्द आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही. व्यावसायिक गाण्याला मुदत, प्रदेश आणि रक्कम लिहिलेलं हस्तांतरपत्र होतं, म्हणून त्याचा दर जास्त असतो. अल्बम किंवा चित्रपटासाठी गाणं घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात 'सगळे हक्क कायमचे' असं लिहूनही निघून जात नाही. गीतकाराचं नाव देणंही अपेक्षित आहे.

प्रसिद्ध चित्रपटगीताच्या चालीवर लिहून द्या, असं निम्म्याहून अधिक लोक म्हणतात. आमचे शब्द नवे असले तरी चाल दुसऱ्याची असते. लग्नाच्या वरातीत किंवा लग्नाशी निगडित समारंभात ती वाजवायला कायद्यात सूट आहे. तोच व्हिडिओ इंटरनेटवर चढवला की म्युझिक कंपनीचा दावा येऊ शकतो, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच उडतो. दुकानाच्या जाहिरातीसाठी तर आम्ही अशा चालीवर लिहीतच नाही.

वेळ आणि पैसे

अर्धी रक्कम आधी, अर्धी शेवटचा मजकूर हाती आल्यावर. पहिला मजकूर आल्यावर दोन वेळा दुरुस्त्या फुकट. दुरुस्ती म्हणजे ओळ, शब्द, नाव बदलणं. मुलीच्या लग्नाऐवजी मुलाच्या मुंजीचं गाणं करा, हे नवं काम. दुरुस्त्या घरातल्या एकाच माणसाने कळवाव्यात. दोन जावांनी दोन वेगळे निरोप पाठवले तर आम्ही दोघींना एकत्र फोन लावतो.

साध्या गाण्याला आठवडा लागतो, मंगलाष्टकांना दोन. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांत आणि २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे तात्यासाहेब शिरवाडकरांच्या जन्मदिनी येणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आधी, कामं साचतात. शाळांनी आणि कार्यालयांनी त्या गीतासाठी जानेवारीतच यावं. (तात्यासाहेबांसारखं लिहून द्या, असं मात्र सांगू नये.) निवडणुकीची प्रचारगीतं लिहितो, समोरच्या उमेदवाराची टिंगल करणारी लिहीत नाही.

येताना लग्नपत्रिकेचा कच्चा मजकूर आणि चाल ठरली असेल तर तिचं रेकॉर्डिंग आणा. नावं मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहा. वृत्तात त्याने जागा बदलते.