कॅन्सर म्हणजे फक्त पेशींची बेफाम वाढ?

हा समज अर्धवट आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी निरोगी माणसातही भराभर वाढतात आणि साधारण आठवडाभरात झडून जातात. खरी गोम त्यांच्या मरणात आहे. बॅक्स हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) आवरणाला भोकं पाडतं, सायटोक्रोम सी हे आतलं प्रथिन बाहेर पडतं आणि पेशी स्वतःला संपवते. बीसीएल-2 हे दुसरं प्रथिन असं मरण रोखतं. ते पेशींची वाढ नव्हे, आयुष्य वाढवतं, हे 1988 मध्येच दिसलं होतं! डीएनएच्या चुका दुरुस्त होत नाहीत अशा अनेक गाठींमध्ये बॅक्सच्या जनुकातल्या सलग 8 'जी' अक्षरांत (डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांपैकी एक) एखादं कमी-जास्त होतं आणि प्रथिन धड बनतच नाही. मरायला हवी ती पेशी मग जगते, नवे बिघाड साठवत राहते. बरीच केमोथेरपीची औषधंही याच आत्मनाशावर विसंबून असल्याने अशा पेशी त्यांनाही दाद देईनाशा होऊ शकतात.